कंपनी बघायला येणार

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात नोकरी लागली ती मालन आत्याला.

हे वाक्य कृपया वाचलंच नाही असं समजावं. आत्याला नोकरीबिकरी काही लागलेली नाही, नोकरीचा आणि तिचा काडीचा संबंध नाही, आणि या गोष्टीत नोकरीची गरज एकट्या मला आहे.

तर, मी पळत होतो. माझ्या मागे पप्पा स्कूटरवर होते आणि त्यांच्या तोंडात शिट्टी होती. पप्पा हायस्कूलला पीटीचे मास्तर. त्यामुळे इतरांच्या तोंडात दात असतात तशी त्यांच्या तोंडात शिट्टी असते, याचं आम्हाला काही वाटायचं नाही. माझ्या पुढे गल्लीतलं तांबडं कुत्रं होतं. ते रोज आधी माझ्या मागे लागायचं, मग मला मागे टाकायचं, आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर बसून माझी वाट बघायचं. मी पोचलो की माझ्याकडे बघून जांभई द्यायचं. पोलीस भरतीत मी कुठवर जाईन हे त्या कुत्र्याला कळलं होतं. पप्पांना कळलं नव्हतं.

पप्पांचं म्हणणं असं, की माझं नाव धैर्यशील आहे. या नावाचा माणूस खाकीत शोभतो. मी आयटीआयला फ्रीज-एसीचा ट्रेड केला होता, पण पप्पांच्या मते तो छंद झाला. आमच्या तालुक्यात बेदाण्याची कोल्ड स्टोअरेजं रांगेनं उभी आहेत, तिथं मशीनवर माणूस लागतो, हे मी दोनदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी शिट्टी वाजवली.

शेवटी एक तह झाला. मी तीन ठिकाणी इंटरव्ह्यू द्यायचे. जमलं तर जमलं. नाहीतर येत्या सोमवारी विट्याच्या बाजूला एक भरती अकॅडमी होती, तिथं राहायला जायचं. तिथं म्हणे पहाटे उठवून डोंगरावर पळवत होते, आणि दुपारी तोच डोंगर उलट्या बाजूने.

तिन्ही इंटरव्ह्यू मी दिले. मी इंटरव्ह्यूत खोटं बोलत नाही, गप्पही बसत नाही. घाबरलो की मी प्रश्नाचं उत्तर देतो, हा माझा प्रॉब्लेम आहे. पहिल्या ठिकाणी साहेबांनी विचारलं, तुमचा एक दोष सांगा. मी सांगायला लागलो. बराच वेळ सांगितल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि बाहेर बसलेल्या पुढच्या मुलाला आत घेतलं. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, आम्ही तुम्हालाच का घ्यावं. मी म्हणालो, तेच मीपण मघापासून बघतोय, बाहेर बसलेला चष्मेवाला जास्त हुशार वाटतोय. त्यांनी चष्मेवाल्याला घेतलं. तो आजही मला दिसला की हात करतो. तिसऱ्या ठिकाणी विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का. मी विचारलं, पंखा जरा कमी करता येईल का.

तिसऱ्या इंटरव्ह्यूहून घरी आलो तेव्हा पप्पा माझी ट्रंक झटकत होते. आई त्यात चिवडा भरता येईल का याचा अंदाज घेत होती. आणि मालन आत्या दारातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडे बघत होती.

मालन आत्या ही पप्पांची थोरली बहीण. तिचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे. शिक्षण चौथी. काम म्हणाल तर ती लग्नं जुळवते. पैसे घेत नाही, साडीही घेत नाही, आहेरात आलेलं ताट तेवढं घेते, त्यामुळे आमच्या घरात वीस माणसं जेवायला आली तरी ताटं पुरतात आणि जागा पुरत नाही. तिनं जमवलेले संसार तीन जिल्ह्यांत चालू होते. एकही मोडलेला नव्हता, कारण मोडायची परवानगी मागायला लोक तिच्याकडेच यायचे, आणि ती नाही म्हणायची.

तिनं मला समोर बसवून तिन्ही इंटरव्ह्यूंची हकिकत ऐकून घेतली. मग विचारलं, की नोकरी लागल्यावर कंपनी आपल्या घरी येते का आपण कंपनीत जातो. मी म्हणालो, आपण जातो. त्यांच्या घरच्या रीतीनं वागायचं का आपल्या? त्यांच्या. त्यांनी बोलावलं तर बोलायचं, नाहीतर मान खाली? बहुतेक.

"म्हणजे तू मुलगी झालास," आत्या म्हणाली. "आणि मुलीनं दारोदार फिरून स्वतःला दाखवायचं नसतं. लोक बघायला येतात."

पप्पांनी शिट्टी तोंडातून काढली. "अक्का, कंपन्या अशा घरी बघायला येत नाहीत."

"कुणी बोलावलंय का आजवर?"

पप्पांनी शिट्टी परत तोंडात घातली. मी आजवर पुष्कळ करिअर मार्गदर्शन ऐकलं होतं. आयटीआयला एक सर यायचे, ते भिंतीवर लाल ठिपका नाचवत स्वप्नं मोठी बघा म्हणायचे. पण कंपनीला घरी बोलावून बघा असं कुणी म्हणालं नव्हतं.

आत्यानं माझा बायोडेटा काढून टाकायला लावला, म्हणजे जो होता तो फेकून दिला आणि नवा सांगितला. मी लिहून घेतला. वर गणपती. खाली उंची पाच फूट सात इंच. वर्ण निमगोरा, उन्हाळ्यात सावळा. नाडी मध्य. मामेकुळ माने, पलूस. शिक्षण आयटीआय. स्वभाव शांत, खाण्यापिण्याची तक्रार नाही. आणि शेवटी अपेक्षा: कंपनी निर्व्यसनी व जवळची असावी, एकत्र कुटुंब चालेल.

फोटो मामाच्या लग्नातला लावला. त्यात मी दुसऱ्याच्या बुलेटला टेकून उभा होतो. बुलेटचा उल्लेख कुठे करायचा नाही आणि विचारलं तर नाकारायचाही नाही, असं ठरलं.

मग आत्यानं फोन लावला तो हिंदुराव डुबलांना. डुबलांचं कोल्ड स्टोअरेज आमच्या गावापासून जवळ, रोडला लागूनच. त्यांचं लग्न आत्यानंच जमवलेलं. ती फोनवर एवढंच म्हणाली, की आमच्याकडं एक दाखवण्यासारखा आहे, रविवारी संध्याकाळी या, राहुकाळ टाळून या. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण डुबलांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. ते रविवारी आले.

म्हणजे मी सोमवारी डोंगरावर असणार की नाही, हे रविवारी संध्याकाळी आमच्या सोफ्यावर ठरणार होतं.

डुबल एकटे आले नाहीत. बघायला कुणी एकटं येत नसतं. सोबत त्यांची बायको विजयमालावहिनी होत्या, आणि वहिनींचे भाऊ सर्जेराव होते. सर्जेरावांचा कोल्ड स्टोअरेजशी संबंध काय असं पप्पांनी हळूच विचारलं, तर आत्या म्हणाली, बघायला येताना एक पोहे खाणारा माणूस लागतो.

मला इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत बसवलं होतं. बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही. मग हाक आली आणि मी पोह्यांचा ट्रे घेऊन निघालो. बश्या इतक्या वाजत होत्या, की बाहेर सगळे बोलायचे थांबले.

"पोहे धैर्यशीलनंच केलेत," आत्या म्हणाली.

पोहे आईनं केले होते. आई छताकडे बघत राहिली. विजयमालावहिनींनी एक घास घेतला, मीठ बरोबर आहे म्हणाल्या, आणि मुलगा रागीट आहे का असं विचारलं. आत्या म्हणाली, गाय आहे. वहिनींनी विचारलं, उलटून बोलतो का. आत्या म्हणाली, सुलटसुद्धा बोलत नाही.

हिंदुराव डुबल यातलं काही विचारत नव्हते. मोठा माणूस, हातात अंगठ्या, पण बसले होते सोफ्याच्या अगदी कडेला, जणू त्यांनाच बघायला आम्ही बोलावलंय. खरं तर बोलावलं होतंच. ते पोहे खात होते आणि कुणाची नजर गेली की मान डोलावत होते.

सर्जेरावांना मात्र या कार्यक्रमाचा अनुभव होता. ते म्हणाले, जरा चालून दाखव बाळ. मी उठलो आणि टीव्हीकडे चालू लागलो. माझ्या मागून पप्पांनी, अगदी पुटपुटल्यासारखं, सवयीनं, पीछे मुड म्हटलं. मी टाच फिरवून वळलो आणि छाती काढून परत आलो. पप्पांनी कान पकडला, स्वतःचा. सर्जेराव म्हणाले, चाल चांगली आहे, पण कोल्ड स्टोअरेजमध्ये एवढ्या चालीची गरज नसते.

मग सगळे आपापल्या बश्यांकडे वळले. कुणाला मशीनचं काही विचारायचं होतं का, तर नव्हतं. डुबलांनी दोनदा तोंड उघडलं आणि त्यात पोहे घातले. मी मान खाली घालून फरशी बघत होतो आणि फरशीत मला डोंगर दिसत होता.

तेव्हा आत्यानं हुकमाचं पान टाकलं. म्हणाली, आता दोघांना जरा मोकळं बोलू दे. वर गच्चीवर जा.

मी उठलो. डुबलही उठले. वहिनींनी त्यांच्या शर्टावरचा पोहा झटकला. आत्या जिन्यापर्यंत माझ्यासोबत आली आणि कानात म्हणाली, की वर गेल्यावर नुसतं ऐकत बसू नकोस, तूपण विचार. काय विचारू म्हणालो. ती म्हणाली, एकच विचारायचं असतं. आधीचं का मोडलं.

गच्चीवर आईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्यातून वाट काढत आम्ही टाकीपाशी पोचलो आणि टाकीला टेकून उभे राहिलो. खालून बश्यांचा आवाज येत होता.

"कॉम्प्रेसर येतो ना तुला?" डुबलांनी विचारलं.

"येतो."

"बरं."

एवढ्यावर त्यांचं संपलं. आम्ही दोघं कुरडया बघत राहिलो. एका कुरडईवर चिमणी येऊन बसली, तिला कुणीच हाकललं नाही. मग मला आत्याचं वाक्य आठवलं आणि मी विचारून टाकलं, की तुमचा आधीचा माणूस का सोडून गेला.

डुबलांनी जिन्याकडे बघितलं. टाकीच्या मागे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बासुंदीमुळं."

मी गप्प राहिलो. घाबरलो तर मी उत्तर देतो, पण हा प्रश्न नव्हता.

मग ते बोलायला लागले, आणि माणूस पुष्कळ दिवस बोललेला नसला की कसं बोलतो तसं बोलले. कोल्ड स्टोअरेज शेतकऱ्यांच्या बेदाण्यासाठी बांधलेलं. बेदाण्याचे बॉक्स आत लावायचे, दार बंद करायचं, थंडी राखायची, काम एवढंच. पण लोकांना वाटतं, डुबलांनी भला मोठा फ्रीज घेतलाय. चुलत्यांनी आमरस ठेवला. मेव्हण्यांच्या व्याह्यांनी लग्नाचे गजरे पोत्यांनी आणले. विजयमालाच्या मावशीनं गाद्या आणल्या, कारण थंडीत ढेकूण मरतात. ढेकूण मेले की नाही हे बघायला मावशी रोज यायची. दर वेळी दार उघडायचं, गरम वारा आत, आणि बेदाण्याला घाम. काळा पडलेला बेदाणा शेतकरी हातात धरून डुबलांच्या तोंडासमोर आणत होते. दोघांतिघांनी माल उचलून दुसरीकडे नेला होता. असंच चाललं तर पुढच्या हंगामात चेंबर रिकामं राहणार होतं, म्हणजे रिकामं नाही, गाद्यांनी भरलेलं.

आणि बासुंदी सर्जेरावांची. मुलाच्या साखरपुड्यात उरली, पातेलंभर, ती त्यांनी येऊन आत ठेवली आणि कुठे ठेवली ते विसरले. ऑपरेटर स्वेटर घालून बॉक्सांच्या रांगांमधून ते पातेलं शोधत फिरला. शेवटी सापडलं. सर्जेरावांनी झाकण काढून चव बघितली आणि म्हणाले, ही आमची नव्हे, आमची दाट होती. ऑपरेटरनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि चालत गेला तो थेट आंध्रात, त्याच्या गावी.

"म्हणजे दुसरं पातेलं कुणाचं होतं?" मी विचारलं.

"ते अजून कळलं नाही," डुबल म्हणाले. "आणि सर्जेरावांचं अजून आतच आहे."

ते टाकीवर बोटानं रेघोट्या ओढत राहिले. मग म्हणाले, "मला नाही म्हणता येत नाही बघ. माणूस दारात येतो, तोंडाकडं बघतो, आणि माझ्या तोंडातून जातं, ठेवा. मशीन काय, कुणीही शिकतं. मला एक असं माणूस पायजे जे दारातच नाही म्हणंल. तू म्हणशील का? तेवढं एक सांग, बाकी मी काय विचारत नाही."

आता एक शब्द बोलायचा होता. हो. त्या एका शब्दात ट्रंक रिकामी होणार होती, चिवडा घरातच राहणार होता आणि तो डोंगर आहे तिथेच राहणार होता. मी तोंड उघडलं. पण हा चौथा इंटरव्ह्यू होता, आणि मी घाबरलो होतो.

"मलापण येत नाही," मी म्हणालो. "आलं असतं तर मी रोज पहाटे पळालो असतो का?"

डुबलांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आला नाही. लांबच्या गावात अचानक आपल्या आडनावाचं माणूस भेटावं तसे ते माझ्याकडे बघत होते.

"आमच्या घरात नाही म्हणणारं माणूस एकच आहे," मी म्हणालो. मला त्यातून काही सुचवायचं नव्हतं. मी फक्त उत्तर पूर्ण करत होतो.

ते हं म्हणाले, आणि आम्ही खाली निघालो. जिन्याच्या मधल्या पायरीवर मात्र डुबल थांबले आणि त्यांनी मलाही हातानं थांबवलं. खाली सर्जेराव बोलत होते. आत्याच्या लिंबाच्या लोणच्याचं नाव फार ऐकलंय, जाताना एक बरणी बांधून द्या, असं त्यांचं चाललं होतं.

"नाही," आत्या म्हणाली. "अजून मुरलं नाही. न मुरलेलं दिलं तर तुम्ही नाव ठेवणार, आणि तुमच्यासारख्या माणसानं नाव ठेवलेलं मला सोसणार नाही. पोहे घ्या अजून."

"घाला," सर्जेराव म्हणाले. "तुमचं बरोबर आहे अक्का. तुम्ही म्हणून सांगितलंत, दुसऱ्यानं दिलं असतं."

डुबल जिन्यात तसेच उभे राहिले. मेव्हणा 'नाही' ऐकून खूश होतो, हे त्यांनी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितलं असावं.

आम्ही येऊन बसलो. डुबलांनी पाणी मागितलं, प्यायले, पेला खाली ठेवला.

"आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले.

आईनं देवघराकडे बघून हात जोडले. पप्पांनी शिट्टी खिशात घातली. मी बसल्या जागी पाय लांब केले, आता मला पळायला लागणार नव्हतं म्हणून.

"मुलगा नव्हे," डुबल म्हणाले. "मालनअक्का."

थोरलीला बघायला यावं आणि धाकटी पसंत पडावी, हे आमच्या भागात झालेलं आहे. तशी दोन प्रकरणं आत्यानंच निस्तरलेली. पण इथं धाकट्याला बघायला येऊन थोरली पसंत पडली होती, आणि निस्तरायला कुणीच उरलं नव्हतं, कारण आत्यानं डोक्यावरून पदर घेतला आणि ती उठून आत निघून गेली.

बाहेर डुबल सगळ्यांना समजावत होते. दारात खुर्ची टाकून देतो, पंखा लावून देतो, महिन्याच्या महिन्याला पगार. काम काही नाही, घरचं माणूस सामान घेऊन आलं की नाही म्हणायचं. सर्जेराव म्हणाले, अशा माणसाची गरज होतीच, लोक काय वाटेल ते आणून ठेवतात.

मी आत गेलो. आत्या ओट्याला टेकून उभी होती. मी तिला अशी कधी बघितली नव्हती, म्हणजे काही न करता.

"काय म्हणतोय तो?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"ते तर मी फुकट करते."

"आता पगार मिळणार."

मग म्हणाली, "मला कधी कुणी बघायला आलं नव्हतं, धैर्या. तुझ्या आजोबांनी आठवडी बाजारात शब्द दिला आणि घरी येऊन म्हणाले, मालनचं जमलं. मी तवा घासत होते."

"मग?"

"मग काय. तवा घासून झाला."

तिनं इतक्या मुलींना पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर पाठवलं होतं. पदर असा घे, पायाकडे बघ, घाबरू नकोस, त्यांनापण भीती वाटत असते. ते सगळं ती कुठे शिकली, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. ती बाहेरून बघून शिकली होती.

"त्याच शब्दात म्हणाला का तो?" तिनं विचारलं. "पसंत आहे असं?"

"त्याच शब्दात."

तिनं तोंड धुतलं. आतल्या खोलीत जाऊन लग्नाकार्याची जांभळी साडी नेसून आली. आईला बाजूला करून चहा स्वतः ओतला, ट्रे स्वतः उचलला, आणि बाहेर आली. कप अजिबात वाजले नाहीत. चहा देऊन ती माझ्या मघाच्या खुर्चीवर बसली आणि तिनं मान खाली घातली.

डुबलांना रीत कळत होती. त्यांच्या लग्नापासून ते तिला ओळखत होते, तरी त्यांनी विचारलं, "नाव काय आपलं?"

"मालन."

"शिक्षण?"

"चौथी."

विजयमालावहिनी पुढे झुकल्या. "रागीट आहात का?"

"हाय की," आत्या म्हणाली.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. पसंती दोन्हीकडून झाली. आता मुलीची काही अपेक्षा आहे का, असं डुबलांनी विचारलं, आणि तिथं आत्यानं मान वर केली.

"पोर माझ्यासंगं येईल," ती म्हणाली. "पाठराखीण म्हणून."

नवरी पहिल्यांदा सासरी निघते, तेव्हा तिला परकं वाटू नये म्हणून माहेरचं एक जण सोबत जातं, त्याला पाठराखीण म्हणतात. ही नेहमी बाईच असते. पण नवरीसुद्धा अठ्ठावन्न वर्षांची नसते, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. डुबल म्हणाले, मशीनला माणूस हवाच आहे, येऊ दे.

हरकत घेतली ती पप्पांनी. त्यांचा हात खिशाकडे गेला. ते म्हणाले, अक्का, अकॅडमीत सांगून झालंय, उद्या सकाळी हा विट्याला जाणार आहे.

आत्या त्यांच्याकडे वळली.

"नाही," ती म्हणाली.

ते ऐकताना माझ्या लक्षात आलं, की सर्जेराव खूश का झाले होते: तिच्या 'नाही'त राग नव्हता, आपलेपणा होता. पप्पांनी शिट्टी सोडली, हात बाहेर काढला, आणि म्हणाले, तूच म्हणतेस तर मग काय. आणि त्यांनी उरलेले पोहे मागितले.

सोमवारी सकाळी आम्ही कामावर गेलो. आईनं आत्याची ओटी भरली आणि माझ्या हातात डबा दिला. आत्या दारातल्या खुर्चीवर बसली, मी आत मशीनवर गेलो. दुपारपर्यंत विजयमालावहिनींच्या मावशी गाद्या घेऊन हसत परत गेल्या. आठवड्याभरात सर्जेरावांची बासुंदी सापडली. ती दाट होती. पुढच्या हंगामात चेंबर बेदाण्यानं भरलं, आणि एकदा खुद्द डुबल आंब्याची पेटी घेऊन दारात आले, तर आत्यानं त्यांनाही परत पाठवलं. ते दिवसभर ज्याला त्याला अभिमानानं सांगत होते, मलापण नाही म्हणाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मशीन मला उत्तम येतं. दरवर्षी आयटीआयवाले मला मार्गदर्शनाला बोलावतात, आणि मी पोरांना सांगतो की कंपनीला एकदा घरी बोलावून बघा. ती हसतात. मीपण हसतो, म्हणजे त्यांना वाटावं की विनोद होता.

तक्रार अशी काही नाही. फक्त रीत अशी आहे की पाठराखीण चार दिवस राहते आणि माहेरी परत येते. मी संध्याकाळी परत येतो, पण स्कूटरवर मागे माझ्या साहेब बसलेल्या असतात. घरी पोचलो की त्याच साहेब मला भाजी निवडायला बसवतात. रविवारीही असतात. सुट्टीच्या दिवशी मी झोपलेला असतो तेव्हा पलीकडच्या खोलीतून वरिष्ठांचा खोकला ऐकू येतो. म्हणून सर्व बाबींचा विचार करून मी खालील अर्ज करीत आहे.

विषय: पाठराखीण, पुरुष, या पदास माहेरपण मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार हा सदर पदावर चार दिवसांकरिता रुजू झाला असून अद्याप परत पाठवण्यात आलेला नाही. तरी अर्जदारास दरवर्षी आषाढ महिन्यात आठ दिवसांचे पगारी माहेरपण मंजूर करण्यात यावे. माहेर व वरिष्ठांचे निवासस्थान एकच असल्यास, सदर आठ दिवस वरिष्ठांनी अन्यत्र मुक्कामी जावे. अर्ज नियमानुसार योग्य मार्गाने, म्हणजे मालन आत्यांच्या हस्ते, पुढे पाठवण्यात यावा, आणि त्यांनी तो वाचण्यापूर्वी मंजूर करावा, ही नम्र विनंती.